कंटाळवाण्या प्रश्नांची बाजू

तिमाही निकाल जाहीर झाले की कंपनीचे मुख्याधिकारी आणि सीएफओ फोनवर येतात, लिहून आणलेले निवेदन वाचतात आणि मग अर्धा-पाऊण तास दलाली पेढ्यांच्या विश्लेषकांचे प्रश्न घेतात. अमेरिकेत याला अर्निंग्ज कॉल म्हणतात, आपल्या बाजारात कॉनकॉल. या प्रश्नोत्तरांना आता कोणी वाली उरलेला दिसत नाही. कंपन्यांची तक्रार अशी की विश्लेषकांना पुढच्या तिमाहीपलीकडचे दिसत नाही. दहा वर्षांचे काम उभे करणाऱ्याला ते गोदामातल्या मालाचा हिशेब विचारत बसतात. छोट्या गुंतवणूकदारांची तक्रार नेमकी उलटी. त्यांच्या मते विश्लेषक कंपनीच्या ताटाखालचे मांजर झाले आहेत. ‘उत्तम तिमाहीबद्दल अभिनंदन’ म्हणत तोंड उघडणारा माणूस अडचणीचे काय विचारणार? तक्रारी परस्परविरोधी, पण दोन्हींतून एकच मागणी निघते: हा प्रकार बंद करा, त्याऐवजी लेखी निवेदन द्या, नाहीतर भागधारकांनी मते देऊन निवडलेले प्रश्न घ्या. ही मागणी चुकीची आहे. आणि फोन, संगणक, चिप, सर्व्हर, प्रिंटर असा प्रत्यक्ष माल बनवणाऱ्या तंत्रज्ञान कंपन्यांच्या बाबतीत तर ती गुंतवणूकदाराच्या मुळावर येणारी आहे.

आधी जे खरे आहे ते मान्य करून टाकू. कोणत्याही मोठ्या कंपनीचे पाच-सहा तिमाहींचे ट्रान्सक्रिप्ट ओळीने वाचले तर करमणूक होत नाही. निवेदनातला शब्दन् शब्द वकिलांच्या नजरेखालून गेलेला असतो. कोणते प्रश्न येतील याची उजळणी झालेली असते, आणि अडचणीच्या प्रश्नासाठी ‘आम्ही आमच्या कामगिरीवर समाधानी आहोत’ या धाटणीची चार वाक्ये तयार असतात. ताकास तूर लागू न देण्याची ही कला काही अधिकाऱ्यांना इतकी साधलेली असते की उत्तर ऐकून झाल्यावर प्रश्न काय होता याचाच विसर पडावा. तेव्हा ‘या कॉलमधून त्या घटकेला काय कळले?’ असे विचारले तर पुष्कळदा ‘काही नाही’ हेच प्रामाणिक उत्तर आहे. पण हे मापच चुकीचे आहे. तिथल्या तिथे गुपित बाहेर काढण्यासाठी विश्लेषक प्रश्न विचारत नसतो, निदान विचारू नये. जबाबदार माणसाच्या तोंडून, ठरावीक तारखेला, सगळ्यांच्या समक्ष, पुढे तपासता येईल असे एखादे विधान नोंदवून घेणे हे त्याचे काम. त्या विधानाची किंमत कधी आठ आठवड्यांनी कळते, कधी पाच वर्षांनी.

हे समजायचे तर प्रत्येक कॉलच्या सुरुवातीला घाईघाईने वाचली जाणारी आणि कोणीही न ऐकणारी सूचना ऐकायला हवी. १९९५ साली अमेरिकी काँग्रेसने राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांचा नकाराधिकार डावलून एक कायदा केला. भविष्याविषयीच्या अंदाजासोबत पुरेसा इशारा दिलेला असेल तर तो अंदाज चुकला म्हणून कंपनीला सहसा कोर्टात खेचता येत नाही, असे संरक्षण या कायद्याने दिले. हेतू वाजवी होता. नाहीतर कोणी अंदाज सांगायलाच धजावले नसते. परिणाम मात्र असा झाला की भविष्यकाळ हा अधिकाऱ्यांचा बालेकिल्ला बनला. ‘पुढच्या वर्षाबद्दल तुम्हाला काय वाटते?’ असे विचारणारा विश्लेषक त्यांना आपल्या हाताने त्या किल्ल्यात नेऊन बसवतो. घडून गेलेल्या आणि घडत असलेल्या गोष्टींना हे संरक्षण नाही. गेल्या तिमाहीत काय झाले, आज वितरकांकडे किती माल पडून आहे, या घडीला कोणत्या देशात मागणी घटते आहे, याचे उत्तर दिशाभूल करणारे निघाले तर जाब विचारता येतो. म्हणून कामाचा प्रश्न वर्तमानकाळातला असतो, आकड्याला चिकटून असतो आणि ऐकायला कमालीचा रुक्ष असतो. प्रश्नोत्तरांवरच्या टीकेत हा फरक कुठेच दिसत नाही. टीकाकार ‘प्रश्न’ म्हणून एकच ढीग करतात आणि तो ढीग कचऱ्यात टाकायला निघतात.

१ नोव्हेंबर २०१८ चा ॲपलचा कॉल घ्या. एका विश्लेषकाने उदयोन्मुख बाजारांतल्या मंदावलेल्या वाढीबद्दल विचारले. प्रश्न काही फार धारदार नव्हता. चीनमधले नियम आणि ॲप स्टोअरला बगल देऊ पाहणाऱ्या कंपन्या असे बरेच काही त्यात कोंबलेले होते. मुख्याधिकारी टिम कुक यांनी तुर्कस्तान, भारत, ब्राझील, रशिया या देशांत दबाव असल्याचे सांगितले. चीनला मात्र मी या गटात घालणार नाही, तिथला आमचा धंदा गेल्या तिमाहीत १६ टक्क्यांनी वाढला, अशी पुस्ती जोडली. नाताळच्या तिमाहीसाठी कंपनीचा विक्रीचा अंदाज ८९ ते ९३ अब्ज डॉलरचा होता. २ जानेवारी २०१९ रोजी कुक यांनी गुंतवणूकदारांना पत्र लिहून तो सुमारे ८४ अब्जांवर आणला आणि मुख्यतः चीनकडे बोट दाखवले. दुसऱ्या दिवशी शेअर जवळपास १० टक्के पडला. केवळ अंदाज चुकला म्हणून दावा तग धरता ना. न्यायालयाने फिर्यादीतली बरीच विधाने सुरुवातीच्या टप्प्यातच गाळली. चीनबद्दलचे उत्तर टिकले आणि खटला पुढे त्याच्याभोवती चालला. इंग्लंडमधल्या नॉरफोक काउंटी कौन्सिलचा पेन्शन फंड दावेदारांच्या पुढे होता. मार्च २०२४ मध्ये ॲपलने, चूक मान्य न करता, ४९ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. देखावा म्हणून हिणवल्या जाणाऱ्या प्रश्नोत्तरांतले ते काही सेकंदांचे उत्तर होते. लेखी निवेदनात ते आले असते का? वकिलांनी तपासलेल्या मजकुरात कोण्या देशाला कोणत्या गटात घालायचे नाही, असली वाक्ये सहसा येत नाहीत. ती माणसाच्या तोंडून निसटतात, आणि निसटण्यासाठी कोणीतरी विचारावे लागते.

त्याच कॉलमध्ये आणखी एक गोष्ट झाली, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. सीएफओ लुका माएस्त्री यांनी जाहीर केले की पुढच्या तिमाहीपासून आयफोन, आयपॅड आणि मॅकचे किती नग विकले हे कंपनी सांगणार नाही. त्या तिमाहीत आयफोनची विक्री डॉलरमध्ये २९ टक्के वाढली होती, नग मात्र आदल्या वर्षीइतकेच, सुमारे ४ कोटी ६९ लाख होते. म्हणजे जवळपास सगळी वाढ किमतीतून आलेली. या निर्णयावर कुक यांनी दुकानाचा दाखला दिला: सामानाची गाडी घेऊन काउंटरवर गेलात आणि तिथल्या बाईने विचारले की यात किती नग आहेत, तर एकूण किमतीच्या दृष्टीने त्याला फारसा अर्थ नसतो. दाखला गमतीचा आहे, कारण तो त्यांच्याच विरुद्ध जातो. काउंटरवरची बाई नग मोजल्याशिवाय बिल करत नाही, आणि बिलावर दर आणि नग वेगवेगळे छापलेले असतात ते गिऱ्हाइकाला एकूण रकमेवर विश्वास बसावा म्हणूनच. कंपनीच्या बाजूने असे म्हणता येईल की प्रतिस्पर्धी एवढा तपशील देत नाहीत, मग ॲपलनेच का द्यावा? मुद्दा बिनबुडाचा नाही. पण प्रतिस्पर्धी वर्षानुवर्षे देत नव्हते आणि ॲपल देत होती. आकडा झाकण्याची गरज तो वाढायचा थांबला तेव्हाच भासली. शिवाय फोनच्या बाजारात कोणाचे किती नग खपतात याचे अंदाज विकणाऱ्या संशोधन संस्था आहेत, आणि प्रतिस्पर्ध्यांना ते विकत घेणे परवडते. आकडा झाकल्याने अंधारात राहतो तो सामान्य भागधारक. कंपनीने आकडा काढून घेतल्यावर त्याच्या जागी उरते ते फक्त विश्लेषकाचे तोंड.

कंटाळवाण्या प्रश्नांवर सर्वांत गाजलेला हल्ला इलॉन मस्क यांचा. २ मे २०१८ रोजी टेस्लाने तोवरचा सर्वांत मोठा तिमाही तोटा जाहीर केला, सुमारे ७१ कोटी डॉलरचा. त्या कॉलमध्ये बर्नस्टीन या पेढीचे विश्लेषक टोनी सॅकोनागी यांनी कंपनीला भांडवलाची नेमकी किती गरज पडेल असे विचारले. सॅकोनागी हे ॲपल, डेल, एचपी अशा यंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांचे जुने अभ्यासक. कारखाना उभा करताना रोकड कशी आटते हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. मस्क यांनी हे कंटाळवाणे, बिनडोक प्रश्न असल्याचे सांगून पुढच्याला बोलावले. आरबीसीच्या विश्लेषकाने मॉडेल ३ च्या नोंदणीबद्दल विचारले, तर हे प्रश्न इतके कोरडे आहेत की जीव जातो, असे म्हणून ते यूट्यूबवर वाहिनी चालवणाऱ्या एका तरुणाकडे वळले आणि त्याच्याशी बराच वेळ रंगात येऊन बोलले. दुसऱ्या दिवशी शेअर पाच टक्क्यांहून जास्त पडला. ऑगस्टच्या कॉलमध्ये मस्क यांनी दोघांची माफी मागितली. मस्क यांच्या चाहत्यांचे म्हणणे असे की शेवटी बरोबर तेच ठरले: वर्षाच्या उत्तरार्धात टेस्ला नफ्यात आली, आणि त्यानंतर शेअर कुठल्या कुठे गेला. शेअर गेला हे खरे. पण मे २०१९ मध्ये कंपनीने बाजारातून सुमारे २.७ अब्ज डॉलर उभे केले, हेही खरे. आणि नोव्हेंबर २०२० मध्ये खुद्द मस्क यांनीच जाहीरपणे लिहिले की २०१७ च्या मध्यापासून २०१९ च्या मध्यापर्यंतच्या त्या काळात टेस्ला दिवाळखोरीपासून महिनाभराच्या अंतरावर येऊन गेली होती. म्हणजे ज्या प्रश्नाला बिनडोक म्हटले गेले तोच त्या दिवशी कंपनीपुढचा एकमेव खरा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर भागधारकांना अडीच वर्षांनी, धोका टळल्यावर, आठवणींच्या रूपात मिळाले. कंपनी वाचली म्हणून प्रश्न चुकीचा ठरत नाही. त्या अडीच वर्षांत ज्यांनी शेअर विकत घेतले त्यांना आपण काय विकत घेतो आहोत हे कळण्याचा हक्क होता.

टेस्लाने नंतर भागधारकांकडून आलेले, मतांनी वर चढलेले प्रश्न कॉलच्या सुरुवातीला घ्यायची पद्धत सुरू केली. लोकशाही म्हणून ती आकर्षक वाटते, आणि मी तिच्या विरोधात नाही. मात्र ती विश्लेषकांच्या प्रश्नांची जागा घेऊ शकत नाही. मते मिळतात ती उत्सुकतेला: अमुक उत्पादन कधी येणार, तमुक योजना कुठवर आली. उत्तर भविष्यकाळात, म्हणजे बालेकिल्ल्यात. वितरकांकडे किती आठवड्यांचा माल पडून आहे, या प्रश्नाला कोणी उत्साहाने मत देत नाही. प्रश्न आधी माहीत असल्याने उत्तरही घडवून आणता येते, आणि सर्वांत मोठी उणीव म्हणजे उलटप्रश्न विचारायला समोर कोणी नसते. पडद्यावरून वाचून दाखवलेला प्रश्न ‘पण तुम्ही माझ्या दुसऱ्या भागाचे उत्तर दिले नाही’ असे म्हणू शकत नाही.

हे सगळे दोन-तीन गाजलेल्या प्रसंगांवरून म्हणतो आहे, असा आक्षेप घेता येईल. तर अभ्यास काय सांगतात ते पाहू. मात्सुमोतो, प्रोंक आणि रुलोफसेन यांनी हजारो कॉलचे ट्रान्सक्रिप्ट तपासून २०११ मध्ये दाखवले की निवेदन आणि प्रश्नोत्तरे यांत बाजाराला जास्त माहिती मिळते ती प्रश्नोत्तरांतून. त्यातल्या दोघांनी हॉलंडर यांच्यासोबत त्याआधी केलेल्या अभ्यासात असे आढळले होते की अधिकारी प्रश्न अनुत्तरित ठेवतात तेव्हा गुंतवणूकदार त्या मौनाचा अर्थ वाईटच लावतात. यातली दुसरी गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. उत्तर न मिळालेला प्रश्नही वाया जात नाही. सर्व्हर बनवणाऱ्या सुपर मायक्रो कंपनीचे नोव्हेंबर २०२४ मधले उदाहरण आठवावे. अर्न्स्ट अँड यंगने तिच्या लेखापरीक्षणाचे काम सोडताना व्यवस्थापनाच्या निवेदनांवर आता विसंबता येत नाही असे लिहिले होते. त्यानंतरच्या कॉलमध्ये कंपनीने लेखापरीक्षकाच्या राजीनाम्यावर बोलायचेच टाळले. पुढे कंपनीने नेमलेल्या समितीला गैरव्यवहाराचा पुरावा सापडला नाही आणि रखडलेले अहवालही फेब्रुवारी २०२५ मध्ये दाखल झाले, हे न्यायाने सांगायला हवे. पण त्या संध्याकाळी, ज्या एका विषयावर सगळ्यांना बोलायचे होते त्यावर कंपनी मूग गिळून बसते आहे, हे प्रत्येकाने एकाच वेळी ऐकले. लेखी निवेदनात एखादा विषय नसणे नजरेआड होते. बोलण्याच्या बैठकीत ते लपवता येत नाही.

आता हितसंबंधांचा आक्षेप, जो अधिक वजनदार आहे. विश्लेषकाची पेढी त्याच कंपनीच्या भांडवल उभारणीचे काम मिळवू पाहते, कडक लिहिणाऱ्याला अधिकाऱ्यांच्या भेटी मिळत नाहीत, मग तो कशाला वाकड्यात शिरेल? इतिहास या आक्षेपाच्या बाजूने आहे. डॉट-कॉमच्या फुग्यात मनात एक आणि अहवालात दुसरे अशा शिफारशी केल्याबद्दल २००३ मध्ये वॉल स्ट्रीटवरच्या दहा पेढ्यांना सुमारे १.४ अब्ज डॉलर मोजावे लागले. कॉलमध्येही भेदभाव चालतो. अनुकूल शिफारस देणाऱ्यांना प्रश्न विचारायची संधी जास्त मिळते, हे विल्यम मेव्ह यांनी २००८ मध्ये दाखवले. कोहेन, लू आणि मलॉय यांनी पुढचे पाऊल टाकले: ज्या कंपन्या आपल्या बाजूच्या विश्लेषकांनाच बोलावतात, त्यांचे शेअर नंतर इतरांपेक्षा मागे पडतात. टीकाकार हे निष्कर्ष प्रश्नोत्तरे निरुपयोगी असल्याचा पुरावा म्हणून मांडतात. मला ते बरोबर उलटा पुरावा वाटतात. प्रश्नांना काहीच किंमत नसती तर कोणाला रांगेत पुढे घ्यायचे आणि कोणाला ताटकळत ठेवायचे याची उठाठेव कंपन्यांनी केलीच नसती. वाईट बातमी दाबून ठेवलेल्या कंपनीलाच प्रश्नकर्ते निवडण्याची गरज पडते. मग उपाय रांग मोडण्याचा की रांग उघडी करण्याचा?

राहिला अल्पदृष्टीचा आरोप. सॉफ्टवेअरच्या वर्गणीवर चालणाऱ्या धंद्यात तिमाहीच्या आकड्यांना अवास्तव महत्त्व दिले जाते, असे म्हणायला जागा आहे. यंत्रे विकणाऱ्या धंद्यात मात्र दूरचा आजार आधी तिमाहीतच दिसतो, कारण तिथे कारखान्यातून माल निघणे आणि ग्राहकाने तो विकत घेणे यांच्या मध्ये वितरकांचे गोदाम असते. त्या गोदामात माल ढकलला की कंपनीच्या पुस्तकात विक्री दिसते, ग्राहक असो वा नसो. एचपीच्या प्रिंटरच्या शाईचे प्रकरण याचा वस्तुपाठ आहे. शाई आणि टोनर हा प्रिंटरच्या धंद्याचा खरा नफा. अमेरिकी रोखे आयोगाच्या सप्टेंबर २०२० च्या आदेशानुसार, २०१५ आणि २०१६ मध्ये एचपीचे काही प्रादेशिक व्यवस्थापक सवलती देऊन पुढच्या तिमाहीची विक्री चालू तिमाहीत ओढत होते, शिवाय कंपनीचा नियम मोडून हद्दीबाहेरच्या वितरकांना माल विकत होते. वितरकांकडच्या साठ्याची जी पातळी कंपनी सांगत होती, तीत पहिल्या फळीतल्या वितरकांचाच माल धरलेला असे. त्यांच्याकडून घेणाऱ्या दुसऱ्या फळीचा नाही. जून २०१६ मध्ये कंपनीने विक्रीची पद्धत बदलली आणि साठा कमी करण्यापायी सुमारे ४५ कोटी डॉलरच्या विक्रीवर पाणी सोडले. आयोगाने ६० लाख डॉलरचा दंड केला. ‘साठा ठरलेल्या मर्यादेत आहे का?’ या प्रश्नाला ‘हो’ हे उत्तर शब्दशः खरे ठरू शकले असते. ‘तुम्ही कोणाकोणाचा साठा मोजता?’ हा त्याहून कंटाळवाणा प्रश्न, आणि सगळे पाणी मुरत होते ते तिथेच.

व्याख्येत कसे लपता येते हे एनव्हिडियाच्या प्रकरणातही दिसले. २०१७ मध्ये क्रिप्टोचलन ‘खणणारे’ लोक खेळांसाठी बनवलेली ग्राफिक्स कार्डे घाऊक प्रमाणात विकत घेत होते. कंपनी क्रिप्टोसाठी खास बनवलेल्या मालाची विक्री वेगळी सांगे, पण खेळांच्या विभागातली वाढ खणणाऱ्यांमुळे किती हे त्या वर्षीच्या दोन तिमाहींच्या अहवालांत आले नाही. मे २०२२ मध्ये रोखे आयोगाने याबद्दल ५५ लाख डॉलरचा दंड केला. कंपनीने आरोप मान्य किंवा अमान्य न करता तो भरला. विश्लेषक आणि गुंतवणूकदार व्यवस्थापनाला हेच वारंवार विचारत होते, ही बाब आयोगाच्या आदेशात नोंदलेली आहे. म्हणजे त्या प्रश्नांचा उपयोग दोनदा झाला. नोव्हेंबर २०१८ मध्ये क्रिप्टोची मागणी ओसरून शेअर एका दिवसात सुमारे १९ टक्के घसरला, त्याआधी सावध गुंतवणूकदाराला कुठे पाहायचे हे त्यांनी दाखवले. आणि नंतर, ही माहिती गुंतवणूकदारांच्या लेखी महत्त्वाची होती हे सिद्ध करायला नियामकाच्या हाती त्यांची नोंद होती. ‘आम्हाला वाटले कोणाला त्यात रस नाही’ हा बचाव आधीच बंद झालेला होता.

माझ्या म्हणण्याविरुद्धचे सर्वांत अवघड प्रकरण डेलचे आहे, आणि त्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल. प्रतिस्पर्धी एएमडीच्या चिप वापरू नयेत म्हणून इंटेल डेलला पैसे देत होती. रोखे आयोगाच्या तक्रारीनुसार ही रक्कम आर्थिक वर्ष २००३ मध्ये डेलच्या कार्यचालन नफ्याच्या १० टक्के होती, २००६ मध्ये ३८ टक्के झाली आणि २००७ च्या पहिल्या तिमाहीत ७६ टक्क्यांवर गेली. डेलने एएमडीच्या चिप घ्यायचे ठरवल्यावर इंटेलने हात आखडता घेतला, नफा कोसळला, आणि डेलने त्याचे खापर किमतीतल्या चढाओढीवर आणि मंदावलेल्या मागणीवर फोडले. २०१० मध्ये कंपनीने १० कोटी आणि मायकेल डेल यांनी ४० लाख डॉलर भरून, आरोप मान्य वा अमान्य न करता, प्रकरण मिटवले. एवढी वर्षे, एवढे कॉल, आणि नफ्याचा मुख्य झरा कुठला हे बाजाराला कळले नाही. प्रश्नोत्तरांचे हे उघड अपयश आहे. पण अपयश कशाचे? इंटेल डेलला पैसे देते हा आरोप एएमडीने जून २००५ मध्ये दाखल केलेल्या दाव्यात जाहीरपणे केलेला होता. मार्जिनमधला किती वाटा पुरवठादारांकडून मिळणाऱ्या रकमांचा आहे आणि तो गेल्या वर्षीपेक्षा किती बदलला, हा प्रश्न त्या दिवसापासून प्रत्येक तिमाहीला, त्याच शब्दांत, उत्तर मिळेपर्यंत विचारायला हवा होता. डेल काटकसरीने चालते ही कथा इतकी सर्वमान्य झाली होती की तिचा हिशेब मागण्याची कोणाला निकड वाटली नाही. यावरून निष्कर्ष निघतो तो प्रश्न कमी नेमके पडल्याचा. जिथे कमी विचारले गेले तिथे आणखी कमी विचारा, हा उपाय मला तरी समजत नाही.

कॉल बंद केले तर प्रश्न बंद होतील, असेही कोणी समजू नये. ते फक्त बंद दाराआड जातील. ऑक्टोबर २००० मध्ये अमेरिकेत निवडक लोकांना महत्त्वाची माहिती देण्यावर बंदी आली, त्याआधी नेमके हेच चालत असे. मोठ्या फंडांचे लोक आणि मर्जीतले विश्लेषक सीएफओला फोन करून हवे ते काढून घेत आणि बाकीच्यांना ते शेअरच्या हालचालीवरून कळे. आजही अधिकारी मोठ्या गुंतवणूकदारांना खासगीत भेटतात. जाहीर प्रश्नोत्तरे ही एकच जागा अशी आहे जिथे पेन्शन फंडाचा व्यवस्थापक आणि नाशिक-सांगलीतला शंभर शेअर बाळगणारा माणूस तेच वाक्य वाचतो. आपल्याकडे सेबीने १ एप्रिल २०२२ पासून सूचिबद्ध कंपन्यांना अशा कॉलचे ध्वनिमुद्रण आणि पाच कामकाजाच्या दिवसांत ट्रान्सक्रिप्ट प्रसिद्ध करणे बंधनकारक केले. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी व्यवस्थापन काय म्हणाले होते हे आज कोणालाही फुकट ताडून पाहता येते. मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्सची जुळणी करणाऱ्या कंपन्यांचे शेअर आपल्याकडे जोरात असताना ही सोय हातची घालवण्यात शहाणपण नाही.

सुधारणा करायचीच असेल तर ती रांगेपासून करावी. प्रश्न विचारायला कोण कोण थांबले आहे याची यादी कॉल चालवणाऱ्याच्या पडद्यावर असतेच. ट्रान्सक्रिप्टसोबत ती यादीही प्रसिद्ध करावी: कोण कधी रांगेत आले, कोणाला घेतले, कोण वेळ संपेपर्यंत थांबून राहिले. एखाद्या विश्लेषकाने शिफारस खाली आणल्यावर पुढच्या तीन कॉलमध्ये त्याचा आवाज ऐकूच आला नाही, तर ते त्या यादीतून दिसेल. नियमाने एक उलटप्रश्न प्रत्येकाला मिळावा. रांग मोठी आणि वेळ थोडा, असे कंपन्या म्हणतील, आणि ते खोटे नसेल. पण त्या वेळेतला मोठा तुकडा जातो तो निवेदन वाचून दाखवण्यात. एनव्हिडियाच्या सीएफओंचे सविस्तर भाष्य कॉलच्या आधीच लेखी प्रसिद्ध होते. बाकीच्यांनाही तसे करायला कोणी अडवलेले नाही. लेखी मजकूर वाचायला श्रोते समर्थ आहेत. ती पंधरा-वीस मिनिटे मोकळी झाली की रांगेतल्या आणखी पाच-सहा जणांना वितरकांच्या गोदामाबद्दल विचारता येईल.